उरलेल्या कापडाच्या नाडीच्या पिशव्या: दान देण्याआधी नीट शिवायच्या कशा

गेल्या जूनमध्ये पालघर जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहासाठी आमच्याकडे नाडीच्या पिशव्या जमा झाल्या. शिवणाऱ्या बहुतेक जणी जुन्याजाणत्या, घरात मशीन असलेल्या. तरी मोजायला बसलो तेव्हा दर तीनातली एक पिशवी उसवावी लागली. कुठे नेफ्याची, म्हणजे नाडी ओवायच्या दुमडीची, दोन्ही तोंडं शिवून बंद, नाडी घालायला वाटच नाही. कुठे नाडी इतकी आखूड की पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं की टोक आत गडप. एका सुंदर लाल ठिगळाच्या पिशवीने पहिल्याच धुण्यात शेजारच्या चार पिशव्या गुलाबी करून ठेवल्या. चुका त्याच त्याच असतात, आणि त्यातल्या बऱ्याच मशीनवर बसण्याआधीच होऊन गेलेल्या असतात. म्हणून हा क्रम लिहून काढतेय.

इथे दिलेली सगळी मापं 10 बाय 12 इंचांच्या तयार पिशवीची आहेत. साबण, तेलाची छोटी बाटली, कंगवा, ब्रश-पेस्ट, एखादा पंचा किंवा सॅनिटरी पॅड यात मावतात आणि पिशवी खाटेच्या दांडीला किंवा खिळ्याला अडकवता येते.

1. कात्री उचलण्याआधी फोन करा

जिथे द्यायच्या तिथल्या बाईंना किंवा सरांना चार गोष्टी विचारा: किती हव्यात, आत काय ठेवणार, मुलांचं वय काय, आणि पिशवी कुठे अडकवणार. यातलं वय सगळ्यात महत्त्वाचं. अंगणवाडीतल्या लहानग्यांसाठी लांब नाडीची पिशवी शिवूच नका. खेळताखेळता नाडी गळ्यात अडकते. त्या वयाला दोन बंदांची साधी झोळी पुरते.

संख्येचंही तसंच. वसतिगृहात 46 मुली असतील आणि तुम्ही 40 पिशव्या दिल्यात, तर उरलेल्या सहा जणींचं काय करायचं हा प्रश्न तिथल्या बाईंच्या गळ्यात पडतो. जमत नसेल तर एकाच इयत्तेच्या पुरत्या द्या, पण त्या इयत्तेला पूर्ण द्या. आणि एका गठ्ठ्यातल्या पिशव्या दिसायलाही साधारण सारख्या असू द्या. एकीवर आरसे-जर आणि दुसरीवर मळकट चौकडी असेल, तर वाटपाच्या दिवशी रडारड ठरलेली.

2. कापडाची निवड: काय घ्यायचं, काय बाजूला टाकायचं

शेजारच्या लेडीज टेलरकडे कातरणीचं पोतं असतंच. त्याला आधीच सांगून ठेवलंत तर वीतभरापेक्षा मोठे तुकडे तो वेगळे काढून ठेवतो. घरातले ब्लाउजपीस, कुर्त्याची उरलेली बाही, बेडशीट, पडद्याचं कापड, मांजरपाट, खादी, सुती साडी हे सगळं चालतं.

नको ते असं: जॉर्जेट, शिफॉन, नेट, साटीन आणि टीशर्टचं होजिअरी कापड. होजिअरी ताणली जाते, मशीनखाली लाटा येतात, आणि ओझ्याने पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबते. भरजरी कापड हाताला टोचतं. खणाचा तुकडा पुढच्या बाजूला शोभेला लावा, पण अख्खी पिशवी खणाची करू नका, घसरत राहते.

सुती आहे की नाही याची शंका आली तर चार धागे काढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, मागे मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. पॉलिकॉट, म्हणजे सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड, वर्ज्य नाही, मात्र एकाच पिशवीत पातळ सुती आणि जाड पडद्याचं कापड शेजारीशेजारी जोडू नका. पातळ कापड जोडाजवळ फाटतं.

जुनी साडी घेत असाल तर तुकडा उजेडासमोर धरा. विरलेली जागा चाळणीसारखी दिसते. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून जोरात ताणा. टर्रकन आवाज आला, तर तो तुकडा फरशी पुसायला ठेवा. साडीचा खालचा भाग घासून झिजलेला असतो, पण कमरेच्या आत गुंडाळला जाणारा पहिला वार सहसा धड निघतो.

सावधान: "गरिबाला तेवढंच" म्हणून विरलेलं कापड देऊ नका. ती पिशवी पंधरा दिवसांत फाटते आणि फेकायचं काम त्यांच्याकडे जातं.

3. धुणं, आटणं आणि रंग

नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. जुनं आधीच आटलेलं असतं. दोन्ही न धुता जोडले, तर पिशवी धुतल्यावर जोडाच्या जागी चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीनेही जात नाहीत. म्हणून सगळे तुकडे रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. लहान तुकडे जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधलंत तर दशा निघून सगळ्याचा गुंता होत नाही.

गडद लाल, निळा, जांभळा, काळा हे रंग वेगळे भिजवा. वाळण्याआधी ओल्या तुकड्यावर पांढरी चिंधी ठेवून दाबा. चिंधीला रंग लागला तर पुन्हा धुवा. तिसऱ्या वेळीही लागला, तर तो तुकडा या कामाचा नाही. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं आपण सगळ्याच ऐकत आलो, पण सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. मी स्वतः दोनदा फसले.

यानंतर इस्त्री. बिनइस्त्रीच्या तुकड्यावर टाकलेलं माप हमखास चुकतं.

4. आधी जोडा, मग कापा

बहुतेक जणी 11 बाय 14 चा चौकोन मनात धरून तुकडे कापतात आणि मग जोडायला बसतात. प्रत्येक जोडात दोन्हीकडची माया, म्हणजे शिलाईपलीकडे सोडलेलं कापड, जाते, चार जोडांत चौकोन दीडदोन इंचांनी आखूड होतो, आणि तो भरून काढायला नेफा बारीक केला जातो. नाडी अडकण्याचं निम्मं कारण इथे आहे.

तुकड्यांचे तीन ढीग करा. 11 बाय 15 इंच किंवा त्याहून मोठे, ते अखंड वापरायचे. 3 इंचांपेक्षा रुंद पट्ट्या, त्या जोडायच्या. त्याहून बारीक ते गोधडीवाल्या मावशींना द्या. उशीत भरायलाही ते चालतात. दीड इंची चिंध्या जोडून केलेली पिशवी फोटोत छान दिसते, पण तिचं अर्धं कापड शिलाईतच जातं आणि ती जड होते.

जोडताना प्रत्येक तुकड्याचा उभा धागा, म्हणजे कापडाच्या किनारीला समांतर जाणारा, एकाच दिशेने ठेवा. उरेब कापलेला तुकडा, म्हणजे बाहीच्या किंवा गळ्याच्या कातरणीतला तिरका, सरळ तुकड्याला जोडला की ताणला जाऊन पिशवीला पीळ पडतो. जोडाला पाव इंच माया पुरे. जोड मारला की दोन्ही माया एका बाजूला इस्त्रीने दाबा आणि सुलट बाजूने जोडालगत आणखी एक टीप मारा. इस्त्री कापडावर घासत नेऊ नका. ठेवा आणि उचला.

आता या सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या: चौकोनाचे वरचे 4 इंच अखंड कापडाचे हवेत. तिथे नेफा येतो. नेफ्यात जोड आला की आत मायेची उंच कड तयार होते, सेफ्टी पिन तिथे अडते आणि पुढे नाडीही रोज तिथेच अडते. खाली हवी तेवढी ठिगळं लावा, वर एकच रुंद पट्टी.

5. कापणं

जोडलेलं कापड टेबलावर सपाट पसरून जुन्या पुठ्ठ्याचा साचा ठेवा. साचा 11 इंच रुंद आणि सव्वाचौदा इंच उंच. हिशोब असा: रुंदीत दोन्हीकडे अर्धा इंच माया. उंचीत खाली अर्धा इंच माया, वर नेफ्याची घडी पावणेदोन इंच. पुढचा आणि मागचा, असे दोन चौकोन.

अस्तराचेही दोन चौकोन, 11 बाय साडेबारा इंच. अस्तर उंचीला मुद्दाम पावणेदोन इंच कमी आहे. कारण पुढे येईल.

जोडांची पिशवी असेल तर अस्तर हवंच, नाहीतर आतल्या दशा कंगव्याच्या दात्यांत अडकतात. अखंड जाड कापडाला अस्तर नसलं तरी चालेल. पॅड ठेवण्यासाठी पिशवी असेल तर अस्तर गडद रंगाचं घ्या, म्हणजे आतलं बाहेर दिसत नाही.

तपासा: दोन्ही चौकोन एकमेकांवर ठेवा. कडा पाव इंचापेक्षा जास्त पुढेमागे असतील तर मोठा चौकोन छाटा. "शिवताना ताणून घेऊ" म्हणू नका.

6. अस्तर लावणं

ब्लाउजला लावतो तसंच. चौकोन उलटा पसरा, त्यावर अस्तर सुलट बाजू वर करून ठेवा. खालची कड आणि दोन्ही बाजू जुळवा. वरून पावणेदोन इंच मूळ कापड मोकळं राहील. बरोबर त्याच रेषेवर पुढे नेफ्याची घडी पडते, त्यामुळे अस्तराची कड घडीत लपते आणि नेफा जाड होत नाही. चारही कडांना मोठा धावदोरा घालून टाका आणि इथून पुढे दोन्ही मिळून एकच कापड समजा.

मग दोन्ही बाजू आणि तळ इंटरलॉक करून घ्या, म्हणजे कडांच्या दशा निघणार नाहीत. घरी यंत्र नसेल तर पिको-फॉलच्या दुकानात थोडक्या पैशांत होतं. वीस पिशव्यांचे चौकोन एकदम न्या, एकेक नेऊ नका. तेही शक्य नसेल तर कडांना हाताने काजटाका घाला.

नाव लिहायची पांढरी पट्टी लावायची असेल तर ती याच वेळी, आतल्या बाजूला. 1 बाय 3 इंच पुरे. पिशवी तयार झाल्यावर ती लावणं म्हणजे नसता व्याप. त्या पट्टीवर मुलीचं नाव येऊ द्या, आपल्या मंडळाचं नको.

7. बाजू आणि तळ

मशीनला 14 नंबरची सुई, अनेक थर असतील तर 16 नंबरची. टाका अडीच मिलिमीटरचा, म्हणजे इंचात साधारण दहा. दोरा पॉलिएस्टरचा. आजीच्या डब्यातली सुती रिळं दिसायला छान असतात, पण जुना सुती दोरा झटका बसला की तुटतो. कापडाच्या कोपऱ्यावर टीप मारून बघा. खालून दोऱ्याची गुंतावळ दिसली तर आधी वरचा दोरा काढून पुन्हा ओवा. दहातल्या आठ वेळा तेवढ्यानेच सुटतं.

दोन्ही चौकोन सुलट बाजू समोरासमोर आणून टाचण्या लावा. आता खडूने दोन्ही बाजूंना, वरच्या कडेपासून 3 इंचांवर ठळक खूण करा. टीप या खुणेपासून सुरू करायची, खाली यायची, तळ शिवायचा, दुसऱ्या बाजूने वर जायचं आणि तिथल्या खुणेवर थांबायचं. खुणेच्या वरचे 3 इंच दोन्हीकडे उघडे राहतात. तेच नाडीचं दार.

सुरुवातीला आणि शेवटी तीनचार टाके मागेपुढे करून दोरा पक्का करा. पिशवी उघडताना सगळा ताण या दोन जागांवर येतो. कोपऱ्यात सुई कापडात रुतलेली ठेवून दाबपट्टी उचला आणि कापड वळवा. तळाला दुसऱ्यांदा टीप मारा. अनेक थरांवर मशीन अडलं तर पायाने जोर लावू नका. चाक हाताने फिरवून तेवढे टाके घ्या, सुई वाचते.

सावधान: सवयीने हात वरपर्यंत जातो. एकदा बोलत बोलत मी सलग सात पिशव्या वरपर्यंत शिवल्या होत्या. आता खुणेवर आडवी टाचणीच लावते, म्हणजे मशीन तिथे थांबवावंच लागतं.

8. फट

घाईत टाळली जाते ती हीच पायरी, आणि नाडी घासून दशा निघतात त्याही इथेच. उघड्या राहिलेल्या 3 इंचांच्या दोन्हीकडची अर्धा इंच माया आत दुमडून इस्त्री करा. खालच्या शिलाईचीही इंचभर माया तशीच उघडून दाबा, म्हणजे घडी सरळ येते. मग पाव इंच अंतर ठेवून वरून खाली, शिलाईच्या सुरुवातीच्या किंचित खालून आडवं, आणि पुन्हा वर, अशी इंग्रजी यू अक्षरासारखी टीप मारा. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

9. नेफा

पुढचा आणि मागचा नेफा वेगवेगळा शिवायचा. गोल फिरवत एकत्र शिवलात तर फट पुन्हा बंद होते.

वरची कड आत अर्धा इंच दुमडून इस्त्री. मग सव्वा इंच दुमडून पुन्हा इस्त्री. ही दुसरी घडी अस्तराच्या कडेवरच पडायला हवी. दुमडीची खालची कड आता फटीच्या तळाशी येते. तिथे, कडेपासून अगदी जवळ, एका फटीपासून दुसऱ्या फटीपर्यंत टीप मारा आणि दोन्ही टोकांना मागेपुढे टाके घ्या.

नेफा सव्वा इंचाचा का, असं दरवेळी कोणीतरी विचारतं. परकराच्या नेफ्यासारखा पाऊण इंचाचा केला तरी नाडी जाते की! जाते, पण पिशवी धुऊन वाळली की कापड कडक होतं आणि आठ वर्षांच्या मुलीला ती ओढवत नाही. नेफा नाडीच्या रुंदीच्या किमान अडीचपट ठेवा.

तपासा: नाडी घालण्याआधी बोटाएवढी जाड पेन्सिल नेफ्यातून आरपार घालून बघा. अडली तर आत्ताच उसवा.

10. नाडी

प्रत्येक पिशवीला दोन नाड्या, प्रत्येकी 32 इंच. पिशवीभोवतीचा फेरा 20 इंच, बाकीचे 12 गाठीला आणि पकडायला. दोन्ही मिळून पावणेदोन मीटर धरा. एकाच नाडीवर भागवलं तर पिशवी एका बाजूला ओढली जाते आणि दुसऱ्या कोपऱ्यातून कंगवा पडतो.

बाजारातली परकराची सुती नाडी उत्तम. घरी करायची तर दीड इंच रुंदीची पट्टी घ्या, दोन्ही कडा मध्यावर आणा, पुन्हा अर्ध्यात दुमडा आणि टीप मारा. सुमारे पाऊण सेंटीमीटर ते एक सेंटीमीटर रुंदीची नाडी मिळते. पट्टी उभ्या धाग्यात कापा. उरेब पट्टीची नाडी ताणून ताणून सुतळी होते. तुकडे जोडायचे असतील तर जोड तिरका घ्या, सरळ जोडाची गाठ नेफ्यात अडते. सॅटिनची रिबीन नको, गाठ टिकत नाही.

पहिली नाडी सेफ्टी पिनेला लावून उजव्या फटीतून पुढच्या नेफ्यात घाला, डावीकडे बाहेर आली की तिथूनच मागच्या नेफ्यात, आणि पुन्हा उजव्या फटीतून बाहेर. दुसरी नाडी डाव्या फटीतून असंच करून डावीकडेच बाहेर. दोन्ही नाड्या एकाच फटीतून घातल्या तर पिशवी बंदच होत नाही. ही चूक इतक्या वेळा बघितलीय की मी शिकवताना एक नाडी लाल आणि एक पांढरी देते.

गाठ मारण्याआधी पिशवीचं तोंड पूर्ण ताणून उघडा. मग एका बाजूची दोन्ही टोकं एकत्र धरून एकच गाठ. टोकांना वेगवेगळ्या गाठी मारल्या तर एक टोक कधी ना कधी आत जातंच. सुती टोकं दुमडून हाताने चार टाके घाला. नायलॉनची असतील तर मेणबत्तीवर किंचित वितळवा.

11. ओझ्याची परीक्षा

पिशवीत दोन किलो तांदूळ भरून नाडीवर खिळ्याला रात्रभर टांगा. प्रत्येक पिशवी नाही, दर दहातली एक. सकाळी फटीच्या तळाची शिलाई आणि तळाचे कोपरे बघा. टाके उघडे दिसत असतील, तर त्या दहाही पिशव्यांना दुसरी टीप द्यावी लागेल. वाईट वाटतं, पण द्यावी लागते.

उरलेल्या प्रत्येक पिशवीला एवढं करा: दहा वेळा उघडझाप, उलटी करून लोंबते दोरे कापणं, आणि सगळ्या शिलाईवरून उघडा हात फिरवणं. एकदा एका पिशवीच्या तळात टाचणी राहिली होती. तेव्हापासून टाचण्या मोजून लावतो आणि मोजून डबीत ठेवतो.

12. पोचवणं

पावसाळ्यात शिवलेल्या पिशव्या दिसायला कोरड्या असल्या तरी शिलाईत ओल धरून असतात. गठ्ठा बांधण्याआधी एक दिवस पंख्याखाली पसरा, नाहीतर पोचेपर्यंत काळे ठिपके येतात. डांबराच्या गोळ्या घालू नका, त्यांचा वास महिनाभर जात नाही आणि आत टॉवेल राहणार आहे. दहादहाचे गठ्ठे सुतळीने बांधा, वर संख्या लिहा. पिशवीत साबण, बिस्किटं वगैरे भरून पाठवायची हौस असेल तर आधी विचारा. सगळ्यांना सारखं पुरणार नसेल तर रिकाम्याच पाठवा.

आणि प्रत्येक खेपेला चारपाच नाड्या सुट्ट्या द्या, सोबत एक मोठी सेफ्टी पिन. नाडी हरवते, तुटते, कोणीतरी केसांना बांधते. गेल्या खेपेला आम्ही त्या द्यायच्या विसरलो, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तिथल्या बाईंचा फोन आला की पिशव्या धड आहेत, नाड्या तेवढ्या पाठवा.